छायाचित्रांची दुसरी प्रत

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेल्या आपल्या कराडास पूर नवा नाही. उन्हाळ्यात ज्या घाटावर आपण हौसेने जाऊन बसतो, त्याच घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात एकामागून एक दिसेनाशा होतात, हे पाहतच येथील प्रत्येक मुलगी मोठी होते. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये जे पाणी आले, ते नेहमीचे नव्हते. खाली सांगलीस तर २०१९ साली आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि ते पाणी कित्येक दिवस घराघरांत मुक्काम ठोकून राहिले.

पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. भांडीकुंडी, धान्य, जनावरे, पडलेल्या भिंती यांची नोंद झाली. ती व्हावयासच हवी होती. पण गाळाने भरलेल्या पेटीतून जो आल्बम निघाला, ज्याची पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती, त्याची नोंद करण्यास पंचनाम्यात रकाना नव्हता. गादी पुन्हा भरून घेता येते, भांडी पुन्हा घेता येतात. सासूबाईंचा तरुणपणीचा एकुलता एक फोटो विरघळला, तर तो कोणत्या दुकानी मिळणार?

हल्ली यावर एक उपाय सर्वांच्या तोंडी असतो. ‘फोटो क्लाउडवर टाका’ असे मुले म्हणतात आणि आपल्या हातातला मोबाइल घेऊन दोन बटणे दाबून मोकळी होतात. हा सारा नव्या पिढीचा आणि नव्या यंत्रांचा विषय आहे, असे समजून आपणही तो त्यांच्यावर सोपवतो. वास्तविक पाहता, मोलाच्या वस्तूची दुसरी प्रत करावी आणि ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. त्याचा थोडा इतिहास पाहिला म्हणजे आजच्या क्लाउडचे गुण आणि त्यातील खाचखळगे दोन्ही नीट उमगतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

छापखाने येण्यापूर्वी ग्रंथ टिकत असे तो नकलांवर. श्रीसमर्थांच्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर आणि उंब्रज येथील मारुती आपल्याच तालुक्यात आहेत, आणि चाफळ शेजारच्या पाटण तालुक्यात. त्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर खर्च केला आहे. परमार्थाच्या ग्रंथात शाई, लेखणी, कागद आणि समास यांची एवढी चौकशी पाहून प्रथम नवल वाटते. अक्षर आरंभापासून अखेरीपर्यंत एकसारखे असावे, भोवती कोरी जागा सोडावी, म्हातारपणी वाचता येणार नाही इतके बारीक लिहू नये, हे त्यांनी बजावून सांगितले. पोथी लिहिणाऱ्याच्या मागे उरावयाची आहे, हे त्यांना ठाऊक होते. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली, आणि मठामठांतून त्या ग्रंथाच्या नकला झाल्या. एखादा मठ उजाड झाला तरी ग्रंथ गेला नाही.

तुकोबांच्या गाथेची कथा तर आपणा सर्वांस तोंडपाठ आहे. वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, असे भाविक परंपरा सांगते. त्या श्रद्धेच्या वाटेस न जाता इतिहासाने एवढे मात्र म्हणता येते की, अभंग केवळ देहूच्या एका घरात नव्हते. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ यांच्यासारखे टाळकरी ते उतरून घेत होते, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या कंठात ते होते. पुढे सरकारी साहाय्याने गाथेची जी आवृत्ती १८७३ साली पुरी झाली, ती निरनिराळ्या गावच्या वह्या एकमेकींशी ताडूनच सिद्ध करावी लागली. त्याच्या कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही अशीच. नकला करणाऱ्याच्या हातून चुका होतात हे खरे, परंतु नकला पुष्कळ असल्या म्हणजे एकीची चूक दुसरीवरून कळते. एकच प्रत असेल तर तिच्यातली चूकही कळत नाही, आणि ती गेली तर काहीच उरत नाही.

आता छायाचित्रांकडे वळू.

१८३९ साली पॅरिस येथे दागेर या गृहस्थांची छायाचित्रणाची युक्ती जगापुढे आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हे चित्र उमटे. चित्र मोठे सुरेख, पण त्यात एक उणीव होती. एका वेळी एकच पत्रा तयार होई, त्याची नक्कल निघत नसे. जवळपास त्याच सुमारास इंग्लंडात टॅलबट यांनी दुसरी रीत काढली. तीत आधी कागदावर उलटे चित्र घ्यावयाचे, ज्यात काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते, आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती छापावयाच्या. हीच आपली निगेटिव्ह. प्रारंभी टॅलबटच्या चित्रांस दागेरच्या चित्रांची झळाळी नव्हती, तरी अखेर जगाने टॅलबटचीच रीत पत्करली. माझ्या मते याचे कारण कलेत नसून संसारात आहे. फोटो काढावयाचा तो एकट्याने पाहण्यासाठी नव्हे. एक माहेरी जावयास हवा, एक सासरी राहावयास हवा, एक मुलाला परगावी पाठवावयास हवा.

आपल्याकडे ही विद्या लौकरच आली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकी होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. मात्र मुंबईहून ही कला गावोगाव पोहोचून सामान्य घरातल्या बाईपर्यंत येण्यास पुष्कळ काळ लागला. फोटो काढला की आयुष्य कमी होते, ही समजूतही आड येत असेच. आजही कित्येक घरांत आजीचा म्हणून जो फोटो भिंतीवर आहे, तो मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आहे. ज्या बाईने उभ्या आयुष्यात स्वतःच्या हौसेने फोटो काढवला नाही, तिचे रूप निवडणुकीच्या कचेरीने जपून ठेवले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

परगावच्या प्रतीचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण मला फार हृद्य वाटते. १० ऑक्टोबर १८८५ या दिवशी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र काढण्यात आले. एक जपानच्या केई ओकामी, एक सीरियाच्या साबात इस्लांबूली, आणि तिसऱ्या आपल्या आनंदीबाई जोशी. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत, आणि आनंदीबाई लुगड्यात. पुढल्या वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती. आपल्या भागातील कितीतरी बायकांची नाडी त्यांनी पाहिली असती! पण क्षयाने ग्रासलेल्या त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. वय अवघे एकवीस. त्या छायाचित्राची प्रत त्या महाविद्यालयाच्या कागदपत्रांत राहिली, आणि आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहे. तेथून ती साऱ्या जगाने पाहिली. त्यांचे अमेरिकेतील पहिले चरित्र कॅरोलाइन डॉल या बाईंनी १८८८ साली लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. दोन्ही चरित्रांस आधार मिळाला तो निरनिराळ्या घरांत जपलेल्या पत्रांचा. आनंदीबाईंना स्वतःचे घर असे फार दिवस लाभलेच नाही. त्यांची आठवण टिकली ती दुसऱ्यांच्या घरी.

गावोगाव स्टुडिओ झाले तेव्हा आपल्या नकळत एक उत्तम व्यवस्था चालू होती. फोटो आपल्या घरी येई आणि काच किंवा फिल्मची निगेटिव्ह फोटोग्राफरच्या कपाटात राही. तिच्यावर क्रमांक घातलेला असे. फोटो खराब झाला, कोणी पाहुणा मागून घेऊन गेला, तर पावतीवरचा क्रमांक सांगून पुन्हा प्रत काढून आणता येई. म्हणजे घराबाहेर, दुसऱ्याच्या जबाबदारीवर ठेवलेली प्रत, हे आजच्या क्लाउडचेच जुने रूप होय. ही व्यवस्था मोडली ती फोटोग्राफर म्हातारे झाले, दुकाने विकली गेली आणि काचा भंगारात गेल्या तेव्हा. आपली वस्तू तेथे आहे, याचे आपल्यालाच विस्मरण झाले होते.

दुसरी प्रत नसल्यामुळे काय होते हे चित्रपटांनी फार महाग पडून शिकविले. १९३१ साली निघालेला ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याची आज एकही प्रत कोठेही उपलब्ध नाही. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, आणि पुढे तिच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली. त्याच आवारात जुन्या नायट्रेट फिती ठेवल्या होत्या. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये तेथे आग लागली आणि त्या फिती जळून गेल्या. ज्या चित्रपटांची प्रत आधीच दुसऱ्या, न पेटणाऱ्या फितीवर उतरवून घेतली होती तेवढे वाचले.

आपल्या भागाने आगीपेक्षा पाणी आणि भूकंप अधिक पाहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील जुने वाडे सामानासकट गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, त्याच्या आठवणी सांगणारी माणसे आपल्यात अजून आहेत. कोयनेच्या धरणाखाली जी गावे गेली त्यांच्यातल्या किती घरांचा एखादा तरी फोटो असेल? गाव पुन्हा बसविता येते, पण जुन्या गावचे अंगण कसे होते हे नातवंडांना दाखविण्यास काहीच राहत नाही.

येथे आपल्या बाबतीत एक खास अडचण आहे. आपण दुसरी प्रत देतो ती बहुधा लेकीला किंवा बहिणीला. कराडच्या मुली सांगली, औदुंबर, भिलवडी, इस्लामपूर या बाजूस पुष्कळ दिलेल्या. म्हणजे माहेर कृष्णाकाठी आणि सासरही कृष्णाकाठी! २०१९ साली ज्या आठवड्यात वर पाणी चढले, त्याच आठवड्यात खालीही चढले. तेव्हा दुसरी प्रत निराळ्या घरी असून भागत नाही, ती निराळ्या नदीकाठी असावयास हवी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने सुमारे वीस वर्षांपूर्वी जो नियम लोकप्रिय केला, तो हाच. मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी परस्थळी असावी.

क्लाउड म्हणजे ही परस्थळीची प्रत. नावाने ढग असला तरी तो आकाशात नाही. मोठमोठ्या इमारतींत हारीने मांडलेले संगणक असतात, त्यांना रात्रंदिवस वीज आणि गारवा लागतो. आपल्याकडे ऐरोली, नवी मुंबई भागात अशा इमारती उभ्या आहेत. आपला फोटो आकड्यांच्या रूपाने तारेवाटे तेथे जातो आणि एकाहून अधिक यंत्रांवर उतरवून ठेवला जातो. मोबाइल नदीत पडला तरी नव्या मोबाइलवर तेच खाते उघडले की फोटो परत दिसतात. पूरग्रस्तांपैकी ज्यांनी ही सोय केली होती, त्यांचे निदान अलीकडचे फोटो वाचले. ही सोय लहान नव्हे.

तरीपण तिच्यावर आंधळा विश्वास नसावा. या इमारतीही जळतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत आगीत नष्ट झाली, आणि ज्यांनी सर्व काही तेथेच ठेवले होते त्यांचे गेले. दुसरे असे की दुकान बंद होऊ शकते. ऑर्कुट या नावाची एक भेटीगाठींची जागा आपल्या मुलांना एके काळी अतिप्रिय होती, ती सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाली. तिसरे, फुकटचा आग्रह सदैव टिकत नाही. गूगल फोटोज २०१५ साली निघाले तेव्हा वाटेल तितके फोटो विनामूल्य ठेवता येत असत. १ जून २०२१ पासून ते बंद होऊन पंधरा जीबीची मर्यादा आली, आणि त्यात पत्रव्यवहारही धरला जाऊ लागला. जागा भरली की नवे फोटो वर जात नाहीत, आणि सूचना आलेली आपण पाहतही नाही.

आणखी एक बारकावा आहे. मोबाइल आणि क्लाउड यांची पुष्कळदा जोडी लावलेली असते. जागा करण्यासाठी आपण इकडचा फोटो पुसला की तिकडचाही पुसला जातो. कचरापेटीत तो काही दिवस राहतो, पुढे नाही. म्हणून खऱ्या अर्थाने दुसरी प्रत हवी असेल तर एक संच घरच्या वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवणे इष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेली प्रतही खरी प्रत नव्हे. पाठविताना ती आकसते, आणि मोठी करून छापावयास गेले की चेहरे पुसट येतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला तर मूळचा जातो.

जुन्या कागदी फोटोंचे काय, असे कोणी विचारील. काळे-पांढरे फोटो नीट धुतलेले असतील तर शंभर वर्षे टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो मात्र तांबूस होत चालले आहेत, त्यांची प्रत आधी करावी. काचेत किंवा चिकट पानांच्या आल्बममध्ये असलेल्यांची त्याहून आधी. आणि दुर्दैवाने फोटो भिजलेच, तर ते ओढून सुटे करू नयेत, एकत्र वाळूही देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवावेत, चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवावेत. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून शीतपेटीत गोठवून ठेवले तरी चालतात. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानात स्वयंसेवकांनी गाळातून निघालेले लाखो फोटो असेच धुऊन, ज्याचे त्याला परत केले. रिकाम्या झालेल्या माणसांनी आधी भाकरी मागितली, आणि लगोलग हे फोटो शोधावयास गर्दी केली.

पण प्रत टिकली म्हणजे सर्व टिकले असे नव्हे. लग्नातल्या जुन्या समूहचित्राखाली पुरुषांची नावे छापलेली असतात, आणि बायकांच्या रांगेखाली ‘सौ. वहिनी’, ‘मावशी’, नाहीतर काहीच नसते. माहेरचे नाव गेले, सासरचे नाव आले, तेही नवऱ्याच्या नावामागे. दोन पिढ्यांनी ती वहिनी कोणाची हे सांगणारे कोणी उरत नाही. क्लाउडचे यंत्र चेहरे ओळखून एकाच बाईचे फोटो एकत्र लावून देते, पण तिचे नाव काय ते आपल्यालाच विचारते. ते नाव लिहिण्याचे काम घरातली वडील बाई हयात आहे तोवरच होऊ शकते. एका दुपारी तिच्याजवळ बसून कागदी फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, आणि मोबाइलवरच्या फोटोखाली वर्णनाच्या जागी, माहेरच्या नावासह पूर्ण नाव, गाव आणि साल लिहून घ्यावे. फोटो काढून घेण्यापेक्षा या कामास जास्त वेळ लागतो, आणि ते कोणी लावीत नाही.

शेवटची गोष्ट किल्लीची. पूर्वी आल्बमची पेटी गृहिणीच्या हाताखाली असे. आता घरातले सगळे फोटो बहुधा एका खात्यात जातात, ते खाते यजमानांच्या किंवा मुलाच्या नावे असते, आणि परवलीचा शब्द त्या एकालाच ठाऊक असतो. तो माणूस गेला किंवा परदेशी गेला की बाईच्या हाती कुलूपबंद फोन उरतो. आत तीस वर्षांचा संसार असतो आणि दार उघडत नाही. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील फोटोंसह काढून टाकले जाऊ शकते. त्या डिसेंबरपासून त्याची अंमलबजावणीही सुरू झाली. म्हणजे दुःखात दोन वर्षे कोणी तिकडे फिरकले नाही तर पूर न येताही सर्व वाहून जाते. यासाठीच खात्यात एक सोय ठेवलेली आहे. आपण इतके महिने खाते उघडले नाही तर अमुक व्यक्तीस ते पाहू द्यावे, असे आधीच नोंदविता येते. बँकेत नामनिर्देशन करतो तसेच हे. ते खातेदाराने स्वतः करावयाचे असते. मागाहून वारसाने अर्ज केला तर दाखले, कागद आणि प्रतीक्षा, आणि तरीही मिळेलच असे नाही. तेव्हा बँकेच्या आणि घराच्या कागदांची पिशवी ज्या कपाटात असते, तेथेच एका चिठ्ठीवर खात्याचे नाव आणि नामनिर्देशन कोणाचे केले ते लिहून ठेवावे, आणि ती पिशवी दरवर्षी मृगापूर्वी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवावी.